धागा: "क्रोममधून करून बघा" आणि आमच्या दुकानातलं एक मुकं बटण

हरिपूरकर · शनिवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

सांगलीत गावभागात माझं झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे हे इथल्या जुन्या लोकांना ठाऊक आहे. फावल्या वेळात ओळखीपाळखीच्यांच्या वेबसाइटी करून देतो. मागच्या महिन्यात एका पतसंस्थेला ठेवीदारांसाठी फॉर्म करून दिला. नाव, खातं नंबर, मोबाइल आणि खाली 'पुढे' असं बटण. दुकानातल्या दोन्ही पीसींवर, माझ्या मोबाइलवर, पोराच्या मोबाइलवर चालवून बघितला. मस्त पळत होता. बिल दिलं, पैसेही आले.

मंगळवारी बुधगावहून एक निवृत्त शिक्षिका आल्या. हातात मुलाने वापरून दिलेला आयफोन ७. "अहो, तुमचं ते 'पुढे' दाबतेय, पण पुढे काही जातच नाही." मी मान वर न करताच म्हणालो, "बाई, क्रोममधून करून बघा." बाईंनी तिथंच बाकावर बसून क्रोम उतरवलं, लिंक उघडली, पासबुकावर बोट ठेवून एकेक आकडा पुन्हा भरला आणि 'पुढे' दाबलं. बटणाचा रंग क्षणभर गडद झाला, परत पहिल्यासारखा. बाई माझ्याकडे बघतायत, मी बटणाकडे.

रात्री बसून शोधलं. मोबाइल नंबर तपासायला नेटवरून उचललेली एक ओळ होती, रेग्युलर एक्स्प्रेशनची, म्हणजे मजकूर ठरलेल्या साच्यात बसतो का ते बघणारी. त्यात 'लुकबिहाइंड' नावाचा प्रकार होता: हा आकडा धर, पण त्याच्या आधी अमुक असेल तरच. जावास्क्रिप्टच्या २०१८च्या मानकात हे आलं. क्रोमनं २०१७लाच दिलं होतं, फायरफॉक्सनं २०२०ला दिलं आणि सफारीनं मार्च २०२३ला, १६.४ आवृत्तीत. आयफोन ७ आयओएस १५वर थांबलाय. जुन्या सफारीला ती खूण दिसली की ती तेवढी ओळ सोडून पुढं जात नाही, व्याकरण चुकलं म्हणून अख्खी स्क्रिप्टच नाकारते. बटण दिसतं, पण त्याच्या मागं कुणी उभंच नाही.

मग क्रोममध्ये का अडलं? कारण बाईंच्या फोनवरचं क्रोम आतून क्रोम नव्हतंच. ॲपलच्या नियमानं आयफोनवर कुठलाही ब्राउझर टाका, पान रंगवणारं इंजिन ॲपलचं वेबकिटच. मार्च २०२४पासून, आयओएस १७.४ आल्यावर, युरोपियन युनियनमध्ये कायद्याच्या रेट्यानं दुसरं इंजिन आणायची मुभा मिळाली. बुधगाव त्यात येत नाही.

चूक माझीच, त्यात वाद नाही. पण "क्रोममधून करा" हे मी दिवसातून पन्नासदा म्हणतो. दुकानात तसा कागदच चिकटवलाय. म्हणून मोजायला बसलो, की खरंच इंजिनं उरलीत किती? क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी, सॅमसंग इंटरनेट, सगळ्यांच्या पोटात गूगलचं ब्लिंक. सफारीत वेबकिट. फायरफॉक्समध्ये गेको. संपली यादी. हरिपूरच्या एकाच पेवातली हळद सहा व्यापाऱ्यांच्या पोत्यांत भरावी, तसं चाललंय. कोण कुठला ब्राउझर वापरतं ते मोजणाऱ्या स्टॅटकाउंटर साइटवर बघितलं तर आपल्याकडे दहातले आठ-नऊ जण क्रोमवरच.

आता हे वाईट आहे की सोयीचं, माझं मलाच ठरत नाहीये. तीन इंजिनं होती म्हणून तर बाईंचा फॉर्म अडला. एकच असतं तर अडला नसता. बरोबर ना? पण कुठंतरी खुपतंय. जाणकारांनी सांगावं.

---

बेदाणा · रात्री ११:०५

दादा, लई मोठं लिवलंय, पण वाचलं बगा. मला एक कळंना, एकच इंजिन झालं तर बिघडतंय कुठं? तुमाला एकदाच तपासायला लागंल, आमाला एकदाच शिकायला लागंल. तासगावात सौद्याला बसलो की मी क्रोम उगडतो, दर बगतो, बंद करतो. त्येच्याशी काय सोयरीक करायची हाय का मला?

---

मिरज जंक्शन · रात्री ११:३१

हरिपूरकर, या म्हाताऱ्याचीही थोडी भर. मी मिरजेत रेल्वेत नोकरी केली. सत्तर-ऐंशीच्या दशकात आमच्या जंक्शनवर तिन्ही गेज होती. पुण्याकडून ब्रॉडगेज, १,६७६ मिलिमीटर. लोंढ्याकडे मीटरगेज, १,००० मिलिमीटर. पंढरपूर-कुर्डुवाडीकडे बार्शी लाइटची नॅरोगेज, ७६२. माल पुढे पाठवायचा तर एका डब्यातून दुसऱ्या डब्यात हमालांच्या पाठीवरून. पोतं फाटलं की फलाटावर साखरेचा सडा, आणि मागोमाग मुंग्या. वॅगन रिकामी होईपर्यंत पुढची गाडी उभी.

आज सगळं ब्रॉडगेज आहे. पाहुण्याला मधे उतरावं लागत नाही. त्यामुळे बेदाणा म्हणतात ते मला पटतं. एक गेज बरं.

---

कळफलक · रविवार, सकाळी ८:१४

काका, उदाहरण झकास. पण माझ्या मते एक डबा भलत्याच रुळावर गेलाय.

गेज म्हणजे मानक. इंजिन म्हणजे इंजिन. गेज एक झालं म्हणूनच मिरजेत आज चित्तरंजनचं इंजिन येऊ शकतं आणि वाराणसीचंही. वेबचं गेज म्हणजे एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट यांचे लिहून ठेवलेले नियम. त्यासाठी १९९४ला डब्ल्यूथ्रीसी ही संस्था निघाली. पुढं २००४ला ॲपल, मोझिला आणि ऑपेराची माणसं एकत्र येऊन व्हॉटडब्ल्यूजी हा गट झाला. दोन्हीकडं वेगवेगळी पुस्तकं नकोत म्हणून २०१९ला तह झाला आणि एचटीएमएलची वही व्हॉटडब्ल्यूजीकडं गेली. नियम एक, कारखाने अनेक, ही मूळ कल्पना.

भीती वेगळी आहे. कारखाना एकच उरला तर पुस्तक उघडायची गरज कुणाला? "आमच्या चाकाला बसतं ते गेज" असं होतं. हे एकदा होऊन गेलंय. इंटरनेट एक्सप्लोरर ६ ऑगस्ट २००१ला आलं. तेव्हा दहातले नऊ लोक त्याच मालिकेवर. स्पर्धक नेटस्केप आडवा झालेला. मग मायक्रोसॉफ्टला घाई कसली? सातवी आवृत्ती आली ऑक्टोबर २००६ला. पाच वर्षं! मी तेव्हा सांगलीत कॉलेजला होतो, लॅबमध्ये हेच. पारदर्शक पीएनजी चित्र टाकलं की त्याच्या मागं राखाडी चौकोन दिसायचा. आम्हाला वाटायचं पीएनजी असंच असतं. एका मित्रानं पेनड्राइव्हवर फायरफॉक्स आणलं, तेच पान उघडलं, आणि चौकोन गायब. तेव्हा कळलं की दोष चित्राचा नव्हता.

याच वळणाची आणखी एक गोष्ट. डब्ल्यूथ्रीसीकडं एखादा नियम पक्का व्हायचा तर निदान दोघांनी तो स्वतंत्रपणे बनवून दाखवावा असा दंडक आहे. 'वेब एसक्यूएल' नावाचा प्रकार होता, ब्राउझरच्या आत डेटाबेस. ज्यांनी ज्यांनी बनवला त्यांनी आत एसक्यूलाइट हे एकच तयार डेटाबेस यंत्र बसवलं. मग नोव्हेंबर २०१०ला काम थांबवलं. कारण काय? सगळे एकाच यंत्राची नक्कल करतायत, मग नियम म्हणून लिहायचं काय? "एसक्यूलाइट जे करेल ते" असं? शेवटी २०२४ला क्रोमनंही ते काढून टाकलं.

---

मिरज जंक्शन · सकाळी ९:०२

कळफलक, तुम्हाला साहेब म्हणू की बाळ म्हणू, वय माहीत नाही. पण मुद्दा पटला, माझा डबा परत घेतो.

एक विचारतो. आमच्याकडे गेज पुस्तकात असायचं, पण रुळावर ते खरं आहे का हे बघायला गेज बार असायचा. लोखंडी पट्टी. गँगमन ती घेऊन उन्हातान्हात मैलोन्मैल चालायचे. तुमच्याकडे ती पट्टी कोण घेऊन फिरतं?

---

कळफलक · सकाळी ९:२०

बाळच म्हणा काका, चाळिशी आली तरी चालेल.

पट्टी आहे. 'वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स' म्हणून चाचण्यांचा मोठा साठा आहे, तो सगळ्या इंजिनांवर चालवतात आणि कोण कुठं नापास ते उघड दिसतं. २०२२पासून दरवर्षी 'इंटरऑप' नावाचा उपक्रम असतो. ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला, शिवाय इगालिया आणि बोकूप या छोट्या कंपन्या बसून ठरवतात की यंदा अमुक गोष्टी सगळीकडं सारख्या करायच्या. माझ्यासारख्या रोज सीएसएस लिहिणाऱ्याला फरक जाणवतो. पाच-सात वर्षांपूर्वी सफारीसाठी म्हणून जी ठिगळं लावायचो त्यातली निम्मी आता काढून टाकलीत.

---

दगडफोड्या · सकाळी ११:४०

सगळं गोड आहे, पण सफारी हाच आजचा आयई सहा आहे हे कुणी बोलत नाही. २०१८चं मानक २०२३ला! हरिपूरकरांच्या बाईंना अडवलं कुणी? विविधतेनंच ना? आमच्यासारख्या दोन माणसांच्या कंपनीला प्रत्येक पान तीन ठिकाणी तपासायचा खर्च कोण देणार? क्रोमियमचा, म्हणजे क्रोम ज्यावर उभं आहे त्याचा, सोर्स उघडा आहे. नाही पटलं तर घ्या कॉपी आणि करा वेगळं बिऱ्हाड.

---

कळफलक · दुपारी १२:१५

दगडफोड्या, खर्चाचं शंभर टक्के मान्य. पण सफारीबद्दल अर्धंच. सीएसएसमधलं 'हॅज', ज्याची आम्ही वर्षानुवर्षं वाट बघितली, ते आधी सफारीनं दिलं, मार्च २०२२ला. क्रोम त्याच वर्षी ऑगस्टात, फायरफॉक्स थेट डिसेंबर २०२३ला. मागं-पुढं सगळेच असतात. शिवाय बाईंना नुसत्या सफारीनं अडवलं नाही. आयफोनवर दुसरं इंजिन चालत असतं तर हरिपूरकरांचा "क्रोम टाका" हा सल्ला लागू पडला असता. तिथं आतल्या आत मक्तेदारी आहे, विविधता नाही.

वेगळ्या बिऱ्हाडाचं म्हणाल तर घराण्याचा इतिहासच तसा आहे. केडीई या लिनक्सवाल्या मंडळींचं केएचटीएमएल होतं. ते उचलून ॲपलनं वेबकिट केलं आणि २००३ला सफारी दाखवली. २००८ला गूगलनं त्याच वेबकिटवर क्रोम काढलं आणि २०१३ला फुटून ब्लिंक केलं. गंमत म्हणजे आजही क्रोम सर्व्हरला आपली ओळख सांगताना आधी 'मोझिला' म्हणतं, मग 'ॲपलवेबकिट', मग 'केएचटीएमएल, गेकोसारखं', मग 'क्रोम' आणि शेवटी 'सफारी'. पूर्वजांच्या नावांत मधेच स्वतःचं. श्राद्धाला बसल्यासारखं!

पण फुटून निघायला गूगल किंवा ॲपल असावं लागतं. कोट्यवधी ओळींचा कोड आहे. वरून रोज शेकडो बदल येतात. मूळ घरानं एखादी खोली पाडली तर तुमच्या नकलेत ती तुम्ही किती दिवस उभी ठेवणार? एक्स्टेन्शनच्या नव्या नियमांचं बघा, मॅनिफेस्ट व्ही३. क्रोममध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन बंद पडलं. फायरफॉक्समध्ये चालू आहे. कारण तिथं निर्णय घेणारं घर वेगळं आहे.

---

अक्षरजुळणी · दुपारी ३:५०

मी मिरजेची, वीसेक वर्षं अक्षरजुळणी करतेय. मराठीपुरतं बोलते, कारण इंजिनाचा फरक आमच्या डोळ्यांना आधी टोचतो.

ज्यांना २००२-०३ आठवत असेल त्यांना मराठी वर्तमानपत्रांच्या साइट आठवतील. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांचे ठरलेले नंबर, तेव्हा या साइटवर रुळला नव्हता. प्रत्येकाचा आपला फॉन्ट. पानाच्या पोटात रोमन अक्षरांची खिचडी आणि तिला मराठीचा मुखवटा घालणारा फॉन्ट ब्राउझरकडं पाठवायचा. एक्सप्लोररचा फॉन्टचा साचा वेगळा, नेटस्केपचा वेगळा. नेटस्केप गेल्यावर बऱ्याच जणांनी फक्त एक्सप्लोररचाच ठेवला. दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडलं की कीबोर्डवरून मांजर चालत गेल्यासारखी बातमी. फायरफॉक्ससाठी 'पद्मा' नावाचं एक्स्टेन्शन निघालं होतं, ते ही खिचडी युनिकोडमध्ये फिरवायचं. मी ते टाकून बातम्या वाचायचे आणि शेजारच्या टेबलावरचे काका म्हणायचे, "तुझ्याकडं कसं काय दिसतं गं?"

मग मोबाइल आला. साध्या नोकियावर ऑपेरा मिनी. मराठीच्या जागी चौकोन चौकोन. पत्त्याच्या जागी 'ऑपेरा कोलन कॉन्फिग' टाइप करायचं, खाली जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी बिटमॅप फॉन्ट 'यस' करायचं आणि सेव्ह. मग पलीकडचा सर्व्हर मराठीची चित्रं काढून पाठवायचा. अक्षरं थोडी धुरकट, पण 'ऱ्या' सुद्धा बरोबर. आमच्या गल्लीतल्या पंधराएक फोनवर मी हे करून दिलंय. फुकट.

आता सध्याचं. दगडफोड्यांना आवडेल अशी गोष्ट आधी सांगते. क्रोम आणि फायरफॉक्स दोघांत देवनागरी जोडाक्षरं जुळवणारा भाग एकच आहे, हार्फबझ नावाचा. उघडा कोड, दोघंही वापरतात, दोघांच्या चुका एकदाच दुरुस्त होतात. ॲपल आपलं वेगळं वापरतं. म्हणजे सगळं वेगळं असलंच पाहिजे असं मीही म्हणत नाही.

पण पुढचं बघा. २००९च्या शासन निर्णयानं मराठीसाठी पाकळीचा ल आणि शेंडीफोड्या श ठरवलाय. हिंदी वळणाचे ल आणि श वेगळे. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही असतात. कुठला दाखवायचा हे पानावर 'भाषा मराठी' असं लिहिलंय का यावर ठरतं, आणि इंजिनानं ती भाषा फॉन्टपर्यंत पोचवली पाहिजे. मी प्रत्येक काम तिन्ही ठिकाणी उघडते. एकात शेंडीफोड्या आणि दुसऱ्यात गाठीचा श दिसला की मला लगेच कळतं, कुठंतरी गडबड आहे. कधी माझीच असते, भाषा लिहायची राहिलेली. कधी त्यांची.

दुसरं, जोडाक्षर मोजणं. 'क्ष' हे आपल्या मनात एक अक्षर. संगणकाच्या जुन्या नियमानं ते 'क्' आणि 'ष' असे दोन तुकडे. युनिकोडनं २०२३ला, १५.१ आवृत्तीत, देवनागरी जोडाक्षर एकत्र धरायचा नियम घातला. तोवर परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करायचं म्हटलं की 'क्षणभर'चं काय होईल ते नशिबावर. निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळं दिसायचं म्हणूनच लोकांनी तक्रारी केल्या. एकच इंजिन असतं आणि त्यात 'क्' मोठा आणि 'ष' बारका आला असता, तर उद्याच्या पोरांना वाटलं असतं मराठी असंच छापतात. कळफलक यांच्या राखाडी चौकोनासारखं.

---

हरिपूरकर · दुपारी ४:३०

अक्षरजुळणीताई, दंडवत. मला जे खुपत होतं ते तुमच्या शेवटच्या ओळीत सापडलं. ताडून बघायला दुसरं काही नसेल तर चूक ही चूक आहे हे कळणार कसं?

---

ठेकेदार · सायंकाळी ५:१०

आमचा ई-टेंडरचा किस्सा. एका सरकारी कामाच्या पोर्टलला डिजिटल सहीचा टोकन लागायचा. पोर्टल फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उघडणार, वर जावाची ठरावीक आवृत्ती, तीही अपडेट करायची नाही. क्रोमनं सप्टेंबर २०१५ला जावाचा प्लगइन बंद केला, फायरफॉक्सनं मार्च २०१७ला. पोर्टल आपलं जागेवर. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचला बोली बंद आणि पावणेपाचला विंडोजनं स्वतःहून अपडेट मारलं. गेलं टेंडर. साडेतीन किलोमीटरचा रस्ता दुसऱ्यानं केला, मी त्यावरून रोज जातो.

तेव्हापासून एक जुना लॅपटॉप वेगळा ठेवलाय, त्याला नेट फक्त टेंडरपुरतं. एक्सप्लोरर जून २०२२ला निवृत्त झालं. लॅपटॉप अजून आहे. दसऱ्याला जेसीबीबरोबर त्यालाही हार घालतो.

---

बेदाणा · सायंकाळी ५:१८

ठेकेदार भावा, रस्ता चांगला तरी केलाय का त्यानं 😄

---

ठेकेदार · सायंकाळी ५:२१

नको विचारू.

---

कृष्णाकाठ · रात्री ८:००

एवढी चर्चा झाली, पण भारतानं आपला ब्राउझर का काढू नये यावर कुणी बोलेना. किर्लोस्करवाडीत माळावर पंप तयार झाले, मग आपल्या पोरांना इंजिन जमणार नाही? २०२३ला केंद्राच्या आयटी मंत्रालयानं स्पर्धाही घेतली होती, ३.४१ कोटींची.

---

कळफलक · रात्री ८:४५

घेतली, आणि मार्च २०२५ला निकालही लागला. पहिलं बक्षीस एक कोटी, झोहोला. त्यांचा उला हा ब्राउझर चांगला आहे, मी महिनाभर वापरला. पण आत क्रोमियमच. स्पर्धेत भारताच्या सीसीएचं, म्हणजे डिजिटल सह्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाचं, मूळ प्रमाणपत्र अंगभूत असावं ही अट होती. कुणावर विश्वास ठेवायचा याची यादी आपल्या हातात असणं किरकोळ नाही. पण त्यानं इंजिन बदलत नाही. गाडीला आपला रंग, आपली नंबरप्लेट.

त्यांना नावं ठेवत नाही. एका कोटीत इंजिन होत नाही. मायक्रोसॉफ्टनं २०१५ला एजसाठी स्वतःचं इंजिन काढलं, डिसेंबर २०१८ला हात टेकले आणि जानेवारी २०२०ला क्रोमियमवर आले. ऑपेरानं २०१३ला आपलं प्रेस्टो इंजिन सोडलं. ज्यांच्याकडं पैसा आणि माणसं दोन्ही होती त्यांची ही कथा.

आणि तिसरं इंजिन जगतंय कशावर? मोझिलाचं बहुतेक उत्पन्न गूगलकडून येतं, फायरफॉक्समध्ये गूगल शोध आधीपासून लावून ठेवण्याचं. सासऱ्याच्या पैशावर चालणारं वेगळं बिऱ्हाड. ऑगस्ट २०२४ला अमेरिकेत न्यायाधीश अमित मेहतांनी गूगलनं शोधाच्या धंद्यात बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निकाल दिला. तेव्हा गंमत अशी झाली, की असे पैसे देणं बंद केलं तर आधी मरणार फायरफॉक्स. सप्टेंबर २०२५च्या आदेशात एकट्याचीच वर्णी लावणारे करार बंद झाले, पैसे देण्यावर सरसकट बंदी आली नाही आणि क्रोमही विकायला लावलं नाही. मोझिलावाल्यांनी सुस्कारा टाकला असणार.

नव्यात दोन नावं लक्षात ठेवा. सर्व्हो, मोझिलातच २०१२ला सुरू झालेलं. २०२०ला तिथली माणसं कमी केली तेव्हा ते लिनक्स फाउंडेशनकडं गेलं आणि २०२३पासून इगालियावाले पुढं नेतायत. आणि लेडीबर्ड, आंद्रेआस क्लिंग यांनी हौसेनं लिहायला घेतलेलं, २०२४पासून ना-नफा संस्थेखाली. दुसऱ्या कुठल्याही ब्राउझर इंजिनाचा कोड न उचलता, मानकं वाचून, कोऱ्या पाटीवर. ते टिकलं तर मला जास्त आनंद याचा होईल, की पुस्तक वाचून गाडी बांधता येते हे सिद्ध होईल. मिरजेच्या काकांना कळेल मी काय म्हणतोय.

---

मिरज जंक्शन · रात्री ९:०५

कळलं बाळ.

---

दगडफोड्या · रात्री ९:३०

मी माझ्या मतावर ठाम आहे, खर्च आमच्याच बोकांडी. पण आज दुपारी कुतूहल म्हणून आमची साइट फायरफॉक्समध्ये उघडली. दर-पत्रकाचा तक्ता उजवीकडं पार बाहेर गेलाय. दीड वर्ष कुणी सांगितलं नाही. किंवा सांगायला आलेच नाहीत, परस्पर गेले.

---

हरिपूरकर · सोमवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. काय केलं ते सांगतो.

ती उचललेली ओळ काढली. आता साधी तपासणी आहे: दहा आकडे, पहिला सहा ते नऊमधला. लुकबिहाइंडची गरज कधी नव्हतीच, मी न वाचता चिकटवली होती. दुकानात एका पीसीवर फायरफॉक्स टाकलं, आता तिथंही प्रत्येक पान उघडून बघणार. मेहुण्याकडून त्याचा पडीक आयफोन आणलाय, काच तडकलीय, पण चालतो. भिंतीवरचा कागद काढला, त्याखाली रंग वेगळाच निघाला.

आज बाईंना फोन केला, त्या येऊन बाकावर बसल्या. खातं नंबर, मोबाइल, 'पुढे'. गेलं पुढे. बाई म्हणाल्या, "मागच्या वेळी मीच काहीतरी चुकीचं दाबत होते का रे?" मी म्हणालो, "नाही बाई, मी." अहोजाहोवरून अरेतुरेवर आल्या म्हणजे राग गेला असावा.

लिंक व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. जुने फोन असतील त्यांनी दाबून बघा.

---

अक्षरजुळणी · रात्री १०:२०

बघितलं. बटण चालतंय. पण वर संस्थेच्या नावाची शिरोरेषा तुटलीय, प्रत्येक अक्षर सुटं सुटं उभं आहे. लेटर-स्पेसिंग दिलंय का?

---

हरिपूरकर · रात्री १०:२४

दिलंय ओ ताई. इंग्रजी टेम्प्लेटमधलं तसंच राहिलं. काढतो.

---

बेदाणा · रात्री १०:२६

कुठल्या इंजिनात तुटतीया ताई, क्रोमात का आयफोनात?

---

अक्षरजुळणी · रात्री १०:२७

तिन्हींत.